बॅट की हात

यंदा मोह लवकर गळायला लागला. चंद्रपुरातून मूलकडे जाणाऱ्या रस्त्याने सकाळी फिरायला निघालं की नाकालाच आधी कळतं. हा वास आवडणारे आणि न आवडणारे असे आमच्या भागात दोन पक्ष आहेत. मी तरुणपणी दुसऱ्या पक्षात होतो, चाळीस वर्षांपूर्वी पहिल्या पक्षात आलो तो कायमचा. बायको अजून दुसऱ्याच पक्षात आहे. झाडाखालची दोन फुलं मी खिशात टाकून आणतो आणि शर्ट धुवायला टाकताना ती माझा उद्धार करते. तिचंही बरोबर आहे, कारण डाग जात नाही.

लोकांना या वासाने जंगल आठवतं, अस्वल आठवतं, काहींना दारूही आठवते. मला टेबल टेनिस आठवतं. सकाळी साडेसहाच्या उन्हात टक, टक, टक असा पांढऱ्या चेंडूचा आवाज, आणि मध्येच एक मेलेला आवाज, थप. त्या थपबद्दल पुढे सांगतो. गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांनी मला फाटकाशी गाठलं. "काका, तुम्ही खेळायचे म्हणे. पोरीला नवी बॅट घेऊन देऊ, की आधी कोचिंग लावू?" प्रश्न सरळ होता आणि मी एका वाक्यात उत्तर द्यायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. म्हाताऱ्याला ऐकू आलं नसेल असं समजून त्यांनी तोच प्रश्न मोठ्याने विचारला, आणि मग हात जोडून निघून गेले.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन दोनेक वर्षं झाली होती, तेव्हा मी कुरखेड्याला पंचायत समितीत कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो. मी कोरपन्याचा, कापसाच्या काळ्या मातीतला. धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, ती संपतात न संपतात तोच सुरू होणारं जंगल, आठवडी बाजारात आपसात गोंडी बोलत पळसाच्या पानांवर डिंक आणि चारोळी मांडून बसलेल्या बाया, हे सगळं मला परमुलखासारखं वाटायचं. पहिले काही महिने मी बदलीचा अर्ज किती करुण लिहिता येईल याच विचारात घालवले.

मग मोहाचा हंगाम आला. मार्च संपता संपता एका सकाळी बाहेर पडलो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरांना बाहेरून कड्या. मला वाटलं काही विपरीत घडलं. चहाच्या टपरीवर एक म्हातारा तेवढा बसला होता, तो म्हणाला, "मोह वेचाले गेले जी सारे." प्रत्येक घराचं झाड ठरलेलं असतं. त्याची कागदावर कुठे नोंद नाही, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जमीन लख्ख केलेली असते, आणि त्या काळ्या जमिनीवर पिवळट, रसाळ फुलं पहाटेपासून टपटपत राहतात. ऊन चढेपर्यंत वेचायची, मग टोपल्या घरी आणून अंगणात वाळत घालायची. तोवर आमच्या कार्यालयात कुणी अर्जदार फिरकत नसे आणि दवाखान्यात कुणी आजारी पडत नसे. गावातले सगळे आजार साडेदहानंतर सुरू व्हायचे.

या रिकाम्या सकाळी आमच्या सभागृहात टेबल टेनिस चालायचं.

टेबल कवडूभाऊंनी केलेलं. कवडूभाऊ म्हणजे गावातले सुतार, हाताला विलक्षण साफ. आधीच्या एका साहेबांना खेळाची हौस होती, त्यांनी पुस्तकातून लांबी-रुंदी-उंची काढून दिली. लाकूड कुठलं वापरायचं ते पुस्तकात होतं की नाही, हे कुणी पाहिलंच नाही. ज्या मुलखात असा साग उभा आहे तिथे दुसऱ्या लाकडाचं नाव कोण काढणार? कवडूभाऊंनी अस्सल सागाच्या जाड फळ्या जोडल्या, रंधा मारला, तेल पाजलं, आणि असं टेबल उभं केलं की त्यावर हत्ती चढवला तरी हललं नसतं. त्यावर फक्त चेंडू उडत नसे. उजव्या बाजूला, काठापासून वीतभर आत, दोन फळ्यांचा सांधा होता. चेंडू तिथे पडला की थप असा आवाज व्हायचा आणि तो जागीच मरायचा. आम्ही रोजचे खेळाडू त्या सांध्यावर नेम धरूनच खेळायचो. परगावचा पाहुणा आला की त्याला मोठ्या प्रेमाने त्या बाजूला उभं करायचो.

टेबलावर थांबतील ते कवडूभाऊ कसले. त्यांनी मला सागाची बॅटही करून दिली. एका फळीतून कोरलेली, कडा गुळगुळीत, मुठीला पॉलिश. "घ्या बाबू," ते म्हणाले, "तुमचा नातू खेळन हिच्यानं." माझा नातू पुण्यात मोबाईलवर खेळतो, पण बॅटबद्दलचं त्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं आहे. आमच्या घरी ती अजून आहे, लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवतात. त्या बॅटने मी सहा महिने खेळलो आणि माझं मनगट खांद्यासकट आखडून गेलं. सभागृहाच्या मालकीच्या दोन जुन्या बॅटीही होत्या, रबर टक्कल पडल्यासारखं. पण सागाची बॅट हातात असताना त्या घ्यायला माझा जीव धजायचा नाही, कवडूभाऊंना वाईट वाटलं असतं.

या टेबलावर आम्हा सगळ्यांना हरवायच्या त्या रायपुरे सिस्टर. दवाखान्यातल्या नर्स, वय पस्तिशीच्या आसपास. मूलकडच्या एका खेड्यातल्या. आईवडील दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणीला जाणारे, घरात नोकरीला लागलेल्या पहिल्या त्याच. त्यांच्या क्वार्टरमध्ये भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी नर्सिंगच्या बॅचचा फोटो, दोन्हींना सारखीच फ्रेम. चंद्रपूरला ट्रेनिंगच्या होस्टेलमध्ये त्या खेळायला शिकल्या. बॅट त्याच दिवसांतली. दाण्यांचं रबर, स्पंज नाही, मधले दाणे झिजून सपाट, मुठीला दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेली. पांढऱ्या लुगड्याचा पदर कमरेला खोचायच्या, चपला भिंतीशी जोडीने काढून ठेवायच्या आणि अनवाणी खेळायच्या.

त्यांचा बॅकहँड मला आजही डोळे मिटले की दिसतो. कोपर अंगाला, नजर चेंडूवर, आणि थर्मामीटरचा पारा उतरवायला झटका देतात तेवढीच मनगटाची हालचाल. त्यात जोर दिसत नसे, घाईही नसे. चेंडू त्या म्हणतील तिथे जाऊन पडायचा. मी त्यांच्यासमोर घामाने ओला व्हायचो आणि त्या मधल्या मधे मला विचारायच्या, "बाबू, जेवण करता का नाई वेळेवर? डोळे पिवळे दिसून राह्यले." अशा माणसाशी खेळताना हरल्याचा राग धरायलाही सवड मिळत नाही.

आणि त्या सांध्यावर त्या कधी मारत नसत. इतक्या अचूक हाताला ती वीतभर जागा म्हणजे काहीच नव्हतं. मी एकदा न राहवून विचारलं, "सिस्टर, तिथी काऊन नाई मारत जी तुम्ही?"

त्या चेंडू उचलत म्हणाल्या, "तो पॉइंट टेबलाचा होते बाबू. माहा नाई होत."

त्यानंतर चार दिवस मीही तिथे मारलं नाही. पाचव्या दिवशी अठरा-वीसवर मागे होतो, तेव्हा मारलं.

चेंडू चेपला की तो सिस्टरकडे जायचा. सिरिंज उकळायच्या शेगडीवर त्या एका वेगळ्या वाटीत पाणी ठेवायच्या, चेंडू त्यात सोडायच्या, आणि पोचा आलेला भाग हळूहळू फुगून वर यायचा. तो चिमट्याने काढून त्या कापडावर ठेवायच्या आणि रजिस्टर लिहायला बसायच्या. आमच्या कार्यालयात निम्मे लोक तेवढं पाहायलाच दवाखान्यात जायचे.

पुढच्या वर्षी जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्यांच्या स्पर्धा ठरल्या. गडचिरोलीला, चौदा एप्रिलची जयंती झाल्यावरच्या रविवारी. बायकांचा वेगळा सामना ठेवण्याएवढी नावं आली नाहीत, म्हणून आयोजकांनी यंदापुरती मिश्र दुहेरी ठेवली. परिपत्रक मीच टाइप केलं. ते घेऊन दवाखान्यात गेलो. सिस्टरांनी ते दोनदा वाचलं.

"ट्रेनिंगले असताना एक डाव नाव देलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी वार्डात ड्युटी लागली. मंग लग्न, मंग पोरं, मंग ह्या बदल्या. आता मे महिन्यात भामरागडकडं जा म्हणून ऑर्डर हाय. तिथी टेबल कुठून येईन? हे एकच डाव हाय बाबू. सुट्टी मी मंजूर करून घेतो. जोडीदार पाह्यजे."

जोडीदार म्हणून त्यांनी मला निवडलं. मी बरा खेळायचो म्हणून नव्हे. गावातल्या खेळाडूंत अविवाहित, म्हणजे ज्याची बायको हरकत घेणार नाही असा, मी एकटाच होतो.

माझी झोप उडाली. एकेरीत हरलो असतो तर माझा मी हरलो असतो. इथे त्या बाईंचा आयुष्यातला एकुलता एक सामना माझ्या आखडलेल्या मनगटावर येऊन टेकला होता. दुहेरीत जोडीदारांनी आळीपाळीने मारायचं असतं. एकाने मारलं की त्याने तत्काळ बाजूला व्हायचं आणि दुसऱ्याला वाट द्यायची. मी मारायचो आणि आपण काय मारलं ते पाहत तिथेच उभा राहायचो. सिस्टर येऊन माझ्यावर आदळायच्या.

विस्तार अधिकारी डोंगरवार हे आमच्या कार्यालयातले जाणकार. नागपुरात शिकलेले, तिथे क्लबात खेळ पाहिलेला. ते म्हणाले, "अरे खिरटकर, जमाना स्पंजचा हाय. हे दाण्याचे अन् लाकडाचे तुकडे घेऊन गडचिरोलीले जाशीन तं लोक हासतीन. बॅट बदल. खेळ आपोआप बदलते."

सिस्टर म्हणाल्या, "बॅट कोणतीबी घ्या. पहिले माह्या वाटेतून हटाले शिका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यातून जखमेला लावायचं जांभळं औषध आणि कापसाचा बोळा आणला. मला अनवाणी उभं केलं आणि फरशीवर माझ्या पायांभोवती रेघ ओढली. एक जोडी मारण्याची, एक बाजूला होण्याची, एक परत येण्याची. "इथी मारा, इथी जा, इथून या. बॉल काय झाला ते मी पाहीन." तीन आठवडे मी त्या जांभळ्या पावलांवर नाचलो. ते औषध फरशीवरून निघत नाही हे आमच्या लक्षात उशिरा आलं. सभापतींनी मासिक सभेत त्या पावलांचं कारण विचारलं, आणि ते इतिवृत्तात लिहायचं काम माझ्याकडेच आलं.

पण बॅटचा किडा डोक्यातून जाईना. माझा मावसभाऊ नागपूरला होता. मंगळवारच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर त्याला चिठ्ठी पाठवली की पुढच्या मंगळवारी बॅट हातात. दोन मंगळवार मी चिठ्ठी खिशात घालून स्टँडवर गेलो आणि तशीच परत आणली. त्या वयात माणसाला असे प्रश्न फार मोठे वाटतात आणि ते सोडवण्यात एक प्रकारचं सुखही असतं. एका मनाने वाटे, हात सुधारल्याशिवाय बॅट घेणं म्हणजे स्वतःला फसवणं. दुसऱ्या मनाने वाटे, अशा बॅटने हात सुधारणारच कसा? मी सकाळी एका पक्षाचा असायचो, संध्याकाळी दुसऱ्या. जेवताना भिंतीशी वाद घालायचो. या सगळ्या उलाढालीत खेळणारे आपण दोघं आहोत हे काही माझ्या डोक्यात नव्हतं. माझी बॅट, माझा हात, माझी लाज, एवढंच चाललं होतं.

तिसऱ्या मंगळवारी चिठ्ठी दिली. बॅट आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, लाल रबर, खाली जाड स्पंज, नव्या रबराचा तो उग्र वास. मी ती रात्रभर उशाशी ठेवली, हे सांगायला आता लाज वाटत नाही. सकाळी पहिलाच चेंडू मारला तो खिडकीतून बाहेर गेला आणि शिपायाच्या अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांत जाऊन पडला. दुसरा छताला लागला. तिसरा कुठे गेला ते आजवर कळलेलं नाही. शिपायाची बायको बाहेरून म्हणाली, "काय करून राह्यले जी तुम्ही?" डोंगरवार मान हलवत म्हणाले, "स्पंज हाय ना, सवय लागन." सिस्टरांनी बॅट जवळून पाहिली. रबरावरून अंगठा फिरवला. "चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पण बाबू, तुमचा हात अजून सागाचाच हाय."

झालं. त्या एका वाक्याने माझा निकाल लागला. मी बॅट पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली, पेटीत टाकली आणि सभागृहाची टकली बॅट घेऊन जांभळ्या पावलांवर उभा राहिलो. आणि खरं सांगतो, खेळ सुधारला. हटायला जमू लागलं. चेंडू परत जाऊ लागला. शेवटच्या आठवड्यात तर मी एकदाही सिस्टरांना धडकलो नाही. आम्ही डोंगरवार आणि त्यांच्या जोडीदाराला सरळ हरवलं, तेही सांध्याला हात न लावता.

यानंतर मी जो काही असह्य झालो, तो विचारू नका. साधनात काय आहे, हात महत्त्वाचा, असं मी कार्यालयात येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवू लागलो. दाखला म्हणून सिस्टरांची बॅट पुढे करायचो. "बघा, रबर झिजलंय, मुठीला पट्टी, आणि खेळ बघा." लोक माना डोलवायचे. कवडूभाऊंनी तर ती बॅट हातात घेऊन भक्तिभावाने कपाळाला लावली. सिस्टर ते पाहून हसल्या. मी तेव्हा ते हसणं संकोचाचं धरलं.

गडचिरोलीच्या सभागृहातलं टेबल कारखान्यातलं होतं, हिरवंगार, कुठे सांधा नाही. पहिल्या सामन्यात पहिले दहा पॉइंट मला चेंडू दिसेचना, इतका तो उसळत होता. आमच्या टेबलावर अर्धमेला होऊन येणारा चेंडू इथे ताजातवाना होऊन अंगावर यायचा. सिस्टरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी मला मागे सरकवलं, "अर्धा पाय मागं," एवढंच म्हणाल्या, आणि सावरून घेतलं. आम्ही तो सामना जिंकलो, पुढचाही जिंकला. लोक बाकांवरून उठून आमच्या टेबलाभोवती जमले. पांढऱ्या लुगड्यातली, अनवाणी, शांत बाई आणि तिच्या मनगटाचा तो झटका. प्रत्येक पॉइंटला मागून कुणीतरी हळूच "वा" म्हणायचं. माझी छाती अशी फुगली होती की जणू मनगट माझंच आहे.

अंतिम सामना चामोर्शीच्या जोडीशी होता. तो कृषी खात्यात, ती शाळेत शिक्षिका, नवरा-बायको, दोघांच्या हातात स्पंजच्या बॅटी. पहिला गेम आम्ही घेतला. दुसऱ्यात त्यांना आमची मेख कळली. ते चेंडूला जोरदार फिरकी देऊन सिस्टरांकडे टाकू लागले. सिस्टर प्रत्येक चेंडूपाशी वेळेवर पोचत होत्या, प्रत्येक चेंडू टेबलावर परत टाकत होत्या. पण त्या झिजलेल्या रबरावरून तो हळू जायचा. चामोर्शीच्या नवऱ्याला दोन पावलं मागे जाऊन, नेम धरून, सावकाश मारायला वेळ मिळायचा. सिस्टरांनी कोन बदलले, उंची बदलली, जागा बदलली. हाताला जे जे येत होतं ते सगळं त्यांनी त्या अर्ध्या तासात करून दाखवलं. असा खेळ मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. दुसरा गेम गेला, आणि तिसराही एकवीस-एकोणीसने गेला.

मी दुःखी होतो, पण खोटं कशाला बोलू, मनातून सुखावलोही होतो. मी धडकलो नव्हतो. माझ्या बाजूने फार पॉइंट गेले नव्हते. बक्षीस समारंभात पाहुण्यांनी सिस्टरांचं खास नाव घेतलं. साध्या जुन्या बॅटनेही काय करता येतं हे या भगिनींनी दाखवलं, असं ते म्हणाले, आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्याने मी वाजवल्या. सिस्टरांनी उपविजेत्याचं प्रमाणपत्र घेतलं, खाली उतरल्या आणि घडी पडू नये म्हणून ते वर्तमानपत्राच्या दोन पानांत ठेवलं.

पाचच्या गाडीला अर्धा तास होता. माणसं पांगली होती, खुर्च्या उचलणं चाललं होतं, टेबल अजून तसंच मांडलेलं होतं.

"बाबू," सिस्टर म्हणाल्या, "ते लाल बॅट आणली का तुम्ही?"

आणली होती. खोलीत उंदीर झाले होते, रबर कुरतडतील म्हणून पिशवीत टाकून आणली होती.

"दाखवा बरं."

त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला. मी समोर जाऊन चेंडू टाकला. पहिला त्यांच्याकडून लांब गेला, दुसरा लांब गेला, तिसरा काठाला घासून गेला. त्या थांबल्या, बॅटचं तोंड किंचित खाली केलं, मनगट दोनदा हवेत झटकून पाहिलं. चौथा चेंडू टेबलावर पडला आणि माझ्या कानाजवळून गेला. पाचवा तसाच. सहावा दुसऱ्या कोपऱ्यात. तोच बॅकहँड होता, तेच कोपर, तोच झटका. पण आता त्याच्यामागे काहीतरी होतं जे वर्षभर त्यांच्या हातात होतं आणि त्या झिजलेल्या रबरापाशी येऊन अडत होतं. खुर्च्या उचलणारी माणसं हातात खुर्च्या धरून उभी राहिली. चामोर्शीचा नवरा दारातून परत आत आला. त्याने थोडा वेळ पाहिलं आणि बायकोला हाक मारली.

दहाएक मिनिटांनी सिस्टर थांबल्या. श्वास चढला होता. त्यांनी बॅट उलटी करून पाहिली आणि उत्तर ठाऊक असलेलं विचारावं तसं विचारलं,

"कधीची हाय ही तुमच्याजवळ?"

"पंधरा दिवस झाले. पेटीत होती."

"अन् तुम्ही कोणत्या बॅटनं खेळले?"

"सभागृहाच्या."

त्या लाल रबरावरून अंगठा फिरवत राहिल्या. मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "माझा हात नव्हता ना सिस्टर त्या बॅटच्या लायक."

"तुमचा नोहता," त्या म्हणाल्या. "एक डाव मले विचारलं असतं न जी."

आवाजात राग नव्हता. जखम चिघळवून आलेल्या माणसाला त्या, कालच यायला पाहिजे होतं, असं सांगायच्या, त्याच आवाजात हे सांगितलं. दोन महिने मी बॅट की हात, बॅट की हात करत राहिलो, आणि माझ्या पेटीत बॅट होती, माझ्या शेजारी हात होता. मी त्यांच्या झिजलेल्या रबराचं गावभर कौतुक केलं. पण यांना चांगली बॅट हवी असेल असं मला वाटलं नाही, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीही कुणाला वाटलं नाही. मी बॅट त्यांच्यापुढे धरली. "ठेवा तुम्ही. तुमचीच."

"भामरागडले काय करू हिचं?" त्या हसल्या. "कोणासंगं खेळू?"

शेजारच्या स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला. सिस्टर म्हणजे गाडी सुटण्याआधी अर्धा तास स्टँडवर जाऊन बसणारं माणूस, दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटी होती. मी पिशवी उचलली. हॉर्न पुन्हा वाजला. त्या टेबलाच्या त्या टोकाला तशाच उभ्या होत्या, पदर खोचलेला, लाल बॅट छातीशी, नजर माझ्या हातातल्या चेंडूवर.

"जाऊ द्या तिले," त्या म्हणाल्या. "सातची हाय अजून एक. सर्व्हिस टाका."

मी पिशवी खाली ठेवली आणि सर्व्हिस टाकली. चेंडू परत आला तो मला दिसलाच नाही.